ठेवायला दिलेलं हृदय

"माणसाचं हृदय हा यापुढे सुटा भाग आहे. आजपासून महाराष्ट्रातला एकही नागरिक हृदयावाचून मरणार नाही," अशी ऐतिहासिक घोषणा आरोग्यमंत्र्यांनी पुण्यात केली. हृदयं वाढवण्याच्या केंद्राचं उद्घाटन होतं. फीत तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नवीकोरी असल्यामुळे बंद होती. मंत्री जिना चढून गेले, फीत कापली, घोषणा केली आणि जी पहिली खुर्ची दिसली तिच्यात घामाघूम होऊन बसले. ती पेशंटची निघाली. सगळ्या तपासण्या झाल्यावरच त्यांना उठू देण्यात आलं. निदान अपचनाचं होतं.

कराडला प्रमोद कणशांनी ही घोषणा टीव्हीवर पाहिली, पण ऐकली नाही, कारण त्यांच्या पत्नी सुलभाताई मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होत्या. मिक्सर थांबला तेव्हा बातम्या हळदीच्या भावावर आल्या होत्या.

काय म्हणत होता तो, असं सुलभाताईंनी विचारलं. यापुढे कुणी मरणार नाही म्हणाला, असं कणशांनी सांगितलं. सुलभाताई "बरं" म्हणाल्या आणि गूळ किसायला घेतला.

कणसे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे हे माईकवरून सांगणं, आणि जी लागलेली नाही ती का लागली नाही, हे न सांगणं. आता गाड्या विजेवर चालत आणि घोषणा यंत्र करी, तरी मंडईत लोक त्यांना अडवून चिपळूण गाडीची वेळ विचारत. कणसे सांगत. यंत्राचं चुके, त्यांचं चुकत नसे.

त्यांना एक मुलगा होता, ओजस. बावीस वर्षांपूर्वी, आठव्या वर्षी, तो घरासमोरच सायकलवरून पडला. इतकं साधं पडणं, की शेजारच्या आजी आधी हसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू संपला आहे, हृदय मात्र चांगलं चाललंय. कुणाला द्यायचं का? सही आधी सुलभाताईंनी केली. कणशांना कागद वाचता येईना, म्हणून त्यांनी जागा विचारून सही केली.

बातमी डेपोत फुटली, आणि डेपोतून पुढच्या डेपोत. कराडपासून पुण्यापर्यंत एकाही चालकाने त्या दिवशी आपली गाडी हृदय नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या आडवी येऊ दिली नाही. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझी एकच गाडी वेळेच्या आधी पोचली," असं कणसे नंतर सांगत, आणि सांगताना हसत नसत.

हृदय कुणाला बसवलं हे त्या काळच्या नियमाप्रमाणे गुप्त होतं. पाच वर्षांची एक मुलगी आहे, एवढंच कळलं. कणशांना तेवढं पुरलं. कसं पुरलं, ते दर भाद्रपदात दिसे.

कणशांकडे पितृपक्षातला म्हाळ सर्वपित्री अमावास्येला असे. वडिलांचं एक पान, आईचं एक, आणि धाकट्या भावाचं एक. ओजस गेला त्या वर्षी खाडिलकर गुरुजींनी विचारलं, चिरंजीवांचं पान कुठे मांडायचं? कणसे म्हणाले, मांडायचं नाही. तो पूर्ण गेलेला नाही. थोडा बाकी आहे.

गुरुजींनी पंचांग काढलं. पंचांगात अर्धवट मयताची सोय नव्हती. गुरुजी पंचांग मिटून म्हणाले, "मग आपण प्रलंबित ठेवू." हा शब्द कणशांच्या खात्यातलाच असल्यामुळे त्यांना पटला. बावीस वर्षं तीनच पानं मांडली गेली. त्या दिवशी सुलभाताई गव्हाची खीर करत, कारण ती ओजसला आवडायची. वाढत मात्र नवऱ्याला.

गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. वीस वर्षं उलटली की नाव उघड करायचा हक्क घेणाऱ्याला असतो, तो तिने वापरला होता. नाव शाल्मली. सासवडला मोजणी खात्यात होती. ड्रोन उडवून शेतांच्या हद्दी मोजायची, आणि त्यापायी दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची. अकराच्या गाडीने येते म्हणाली. कणसे साडेदहालाच स्टँडवर जाऊन उभे राहिले. गाडी लेट होती. ती का लेट आहे, हे नोकरीतली सवय मोडून त्यांनी तीन जणांना विचारलं.

उतरली ती उन्हाने रापलेली, काटकुळी, डोक्यावर खात्याची टोपी घातलेली सत्तावीस वर्षांची मुलगी. कणशांनी आयुष्यभर गर्दीसमोर बोलायचं काम केलेलं, पण आता त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटेना. डोळे भरून आले. ती मात्र शांत होती. वाकून नमस्कार केला, "चला काका," म्हणाली, आणि त्यांचीच पिशवी घेऊन चालू लागली. कणशांना ते थोडं लागलं. एवढं कोरडं?

घरी पोचून पाणी पिताना तिने मनगटावरचा पट्टा पाहिला आणि हसली. "आत्ता पोचलं बघा. एकशे अठ्ठावीस."

मग तिने समजावून सांगितलं. हृदय काढताना त्याच्याकडे जाणाऱ्या नसा कापाव्या लागतात, आणि दुसऱ्याच्या छातीत रक्तवाहिन्या शिवता येतात, नसा नाही. काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी एखादी तार आपोआप जुळते. तिची जुळली नव्हती. त्यामुळे मेंदूचा निरोप हृदयाला तारेने जात नाही. आनंद झाला, भीती वाटली, की अंगात जो रस सुटतो तो रक्तातून वाहत वाहत जाऊन पोचेल तेव्हा हृदय धावू लागतं. माणूस रडून मोकळा होतो, चहा येतो, आणि मग हिच्या छातीत धडधड सुरू.

"चारेक मिनिटं उशीर होतो," ती म्हणाली.

"चार मिनिटं म्हणजे आमच्याकडे वेळेवरच," कणसे म्हणाले. तिच्यासमोर त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

जेवणं होईस्तोवर ती इतकी घरची झाली, की सुलभाताईंनी तिला लसूण सोलायला बसवलं. लसूण सोलता सोलता ती मुद्द्यावर आली.

दुसऱ्याचं हृदय शरीर कधीच पुरतं आपलं मानत नाही. गोळ्या देऊन त्याचा राग आवरता येतो. ती रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला त्या घेत आली होती. पण आतून धुसफूस चालूच राहते, आणि त्या धुसफुशीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या आतून जाड होत जातात. एकाच जागी अडलं असतं तर मोकळं करता आलं असतं. इथे सगळीच नळी अरुंद होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लहानपणी बसवलेली हृदयं साधारण वीस वर्षं चालतात, काही त्याहून जास्त. तिचं बावीस चाललं होतं. आणि नसाच नसल्यामुळे ते दुखत नाही. तुमचंआमचं हृदय बंद पडायच्या आधी कळ देतं, घाम फोडतं, घरच्यांना उठवतं. हे काही सांगतच नाही.

म्हणून पुण्याच्या त्या केंद्रात तिचं नवं हृदय वाढवलं होतं. डुकराचं हृदय धुवून धुवून त्यातल्या सगळ्या पेशी काढून टाकतात. मागे उरतो तो पांढरा सांगाडा, वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीसारखा. तिच्या दंडाच्या कातडीची चिमूट घेऊन, त्या पेशींना पुन्हा बाळपणात नेऊन, त्या जाळीत पेरल्या होत्या. नऊ महिने काचेच्या भांड्यात ते वाढलं. आता भांड्यातल्या भांड्यात ठोके देत होतं. अगदी तिचं स्वतःचं. शरीराला राग येण्याचं कारण नाही, गोळ्या नाहीत, आणि नसा जोडायचीही सोय होती.

"आणि जुनं?" सुलभाताईंनी विचारलं.

जुनं परत मिळतं, ती म्हणाली. तसा नियम झालाय. नको असेल तर केंद्र त्याची विल्हेवाट लावतं. तसं पत्र तुम्हाला आलंच असतं, कार्यालयीन वेळेत घेऊन जावे म्हणून. पण पत्राने कळवणं तिला बरं वाटेना.

"लहानपणी मी पळायला लागले की आई ओरडायची, जपून, दुसऱ्याचं आहे. तेच डोक्यात बसलंय." तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "परवानगी लागत नाही काका. पण विचारते. काढू ना?"

कणशांनी पाट सरळ केला. कधीची तारीख आहे, असं विचारलं. येता गुरुवार, ती म्हणाली.

गुरुवारी पितृपक्षाचा तिसरा दिवस होता. कणशांच्या डोळ्यांपुढे चार पानं आली.

"पितृपक्षात नको," ते म्हणाले. "असलं काम या दिवसांत करू नये. सर्वपित्री होऊन जाऊ दे. बारा दिवसांचा तर प्रश्न आहे."

सुलभाताईंनी मान वर केली, पाहुणीकडे पाहिलं आणि लसणाची वाटी आपल्याकडे ओढली. शाल्मलीने तिथूनच केंद्रातल्या डॉक्टर तांबोळींना फोन लावला. डॉक्टरांनी आलेख पाहिले. गेले तीन महिने आलेख स्थिर होता. माझ्या मताने गुरुवारच ठेवा, त्या म्हणाल्या, पण बारा दिवसांनी आभाळ कोसळेल असं काही दिसत नाही; भांड्यातलं हृदय चाळीस दिवस टिकतं. तिने फोन ठेवला आणि कणशांना म्हणाली, "ठीक आहे काका. बावीस वर्षं वापरलंय. बारा दिवस तुमचे."

ती गेल्यावर सुलभाताईंनी भांडी घासता घासता विचारलं, पितृपक्षात ऑपरेशन करू नये हे कुठल्या पोथीत आहे? तुमच्या आईचा मोतीबिंदू पितृपक्षातच काढला होता.

"डोळ्याचं चालतं," कणसे म्हणाले.

"चौथं पान मांडावं लागेल म्हणून," सुलभाताई म्हणाल्या.

यावर कणसे गच्चीवरचे कपडे काढायला गेले. गच्चीवर कपडे नव्हते.

ते बारा दिवस कणशांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. रोज सकाळी नऊला, गोळी घेतली की शाल्मली त्यांना ठोक्यांचा आकडा पाठवायची. "१०४. वेळेवर." "१०२. आज भावाभावांची मोजणी, देव तारो." कणसे तो आकडा सुलभाताईंना वाचून दाखवत, जसं आधी फलाट सांगत तसं, दोनदा. बावीस वर्षं जे नुसतं मानलं होतं, ते आता आकड्याने येत होतं. एकदा त्यांना वाटलं, तिला सांगावं, पोरी, माझं ऐकू नकोस, उद्याच जा. फोन हातात घेतलाही. मग म्हणाले, आता किती राहिले, पाचच दिवस.

सर्वपित्रीला सकाळी नऊ वाजले, आकडा आला नाही. नऊ वाजून चार मिनिटांनी कणसे म्हणाले, उशीर वेळेवरच आहे. नऊ वीसला फोन आला, तो तिच्या आईचा.

आदल्या दिवशी दुपारी सासवडजवळच्या एका बांधावर शाल्मली मोजणी करत होती. बाभळीच्या सावलीत टेकली. सोबतच्या माणसांना वाटलं, ड्रोनचा पडदा बघतेय. तिला काही दुखलं नसावं, कारण चेहरा तसाच होता. कुणी हाक मारेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. दवाखान्यात पोचली तेव्हा मेंदू गेला होता. तिसऱ्या मजल्यावर हृदय तयार होतं. बसवायला माणूस उरलं नव्हतं.

कणशांनी हे सगळं उभ्यानेच ऐकलं आणि उभ्यानेच सुलभाताईंना सांगितलं. वडिलांचं, आईचं, भावाचं अशी तीन पानं मांडलेली होती. सुलभाताईंनी चौथं पान पुसून शेजारी मांडलं आणि त्यावर खिरीची वाटी ठेवली. मग गठ्ठ्यातलं पाचवं पान उचललं, थोडा वेळ हातात धरलं, आणि परत ठेवलं. त्या मुलीला तिची आई होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं निघालं. शाल्मलीने हृदय परत देण्याचा अर्ज आधीच भरून ठेवला होता; त्याप्रमाणे ते काढून केंद्रात ठेवलं होतं. सुलभाताई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात. मग म्हणाल्या, गुडघे नाही. थांबायला तुम्ही सांगितलंत. तुम्हीच जा.

केंद्राची लिफ्ट अजून नवीकोरीच होती. परतावा विभागातल्या कारकुनाने परत घेणाऱ्याचा अर्ज पुढे सरकवला. मयताचं नाव, अवयवाचं नाव, अर्जदाराचं मयताशी नातं, अर्जदाराचं अवयवाशी नातं. कणशांनी दोन्हीकडे 'वडील' लिहिलं. वयाच्या रकान्यात ते अडले. मुलगा आठ वर्षांचा गेला. हृदय मुलीबरोबर वाढलं, तीस वर्षांचं झालं. कोणतं लिहू?

रकाना एकच आहे, कारकून म्हणाला. कणशांनी आठ लिहिलं.

वस्तू यायला वेळ होता. त्यांना ज्या खोलीत बसवलं तिथे भिंतीत एक काच होती, आणि काचेपलीकडे एका भांड्यात, गुलाबी पाण्यात, एक हृदय ठोके देत होतं. कुणाची घाई नसल्यासारखं, संथ. काचेसमोर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर एक कागद. शाल्मलीची आई, प्राजक्ता. आदल्या संध्याकाळी मुलीला अग्नी देऊन त्या परत इथेच येऊन बसल्या होत्या, असं बाहेर परिचारिकेने सांगितलं होतं.

कणशांनी गाडीत बसून चार तास वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली.

"बाई, मी ओजसचा वडील. ते बारा दिवस मी मागितले."

"माहीत आहे," त्या काचेकडेच बघत म्हणाल्या. "मी तिच्याशी भांडले. तारीख ढकलू नकोस म्हटलं. म्हणाली, आई, त्यांनी मागून मागून काय मागितलं, बारा दिवस."

"पितृपक्षाचं खोटं होतं. मला त्याचं पान मांडायचं नव्हतं." कणसे खुर्चीच्या कडेवर टेकले. "मी हृदय दिलंच नव्हतं हो. सही केली, पण दिलं नव्हतं. ठेवायला दिलं होतं."

त्या बोलायला लागल्या, पण जे कणसे ऐकायच्या तयारीने आले होते त्यातलं काहीच नाही. ओजस दहावीला गणितात नापास झाला, म्हणाल्या. दुसऱ्या फेरीत सुटला. आमच्याकडे त्याला पाहुणा म्हणायचे, दरवर्षी पाहुण्याचा वेगळा वाढदिवस असायचा, आणि त्या दिवशी शाल्मलीला केक मिळायचा नाही, पाहुण्याला मिळायचा; खायची तीच. पोहायला शिकला, पण कमरेइतक्या पाण्यात. एका मुलावर प्रेम केलं. तो मुलगा जिना उतरून गेला, तेव्हा कुठे याची धडधड सुरू झाली. "तिला म्हटलं, तुझा पाहुणा फार सावकाश आहे गं. ती म्हणाली, कराडचा आहे."

कणशांना हसू आलं आणि ते त्यांना आवरता आलं नाही. बाईही हसल्या. मग दोघंही काचेकडे बघत बसले.

कागद कसला, असं कणशांनी विचारलं. संमतीचा. ते भांड्यातलं हृदय नांदेडच्या एका सोळा वर्षांच्या मुलीला जुळत होतं. तिला स्वतःचं वाढवून मिळेपर्यंतचे नऊ महिने नव्हते. तिला गोळ्या खाव्या लागतील, नऊला नऊला, चालेल म्हणाली. ती मुलगी काल दुपारपासून खालच्या मजल्यावर तयार होती.

"कालपासून?"

"मी म्हटलं, आजचा दिवस राहू दे. उद्या न्या." बाईंनी काचेला हात लावला. "तिचं आहे ते. अगदी तिचंच. बघा ना, बाहत्तर. हिचं आयुष्यात कधी बाहत्तर नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, एक दिवस थांबायला हरकत नाही."

कणसे उठले. एसटीत असताना खिडकीतून उठायची त्यांना सवय नव्हती. जे सांगायचं ते बसून सांगायचे. आता ते बाईंच्या समोर, काच झाकून उभे राहिले.

"हरकत नाही, असं मलाही सांगितलं होतं," ते म्हणाले. "आज द्या. आत्ता द्या. आणि ठेवायला देऊ नका. देऊन टाका. पुढच्या भाद्रपदात पहिलं पान पोरीचं मांडा. मी म्हातारा तुमच्या पाया पडतो."

बाईंनी त्यांना पाया पडू दिलं नाही. बाजूला व्हा, म्हणाल्या, दिसत नाही. कणसे बाजूला झाले. बाईंनी ते हृदय मनात मोजत, ओठ हलवत, पूर्ण एक मिनिट पाहिलं. मग कागद गुडघ्यावर धरला. कणशांनी सहीची जागा दाखवली, कारण ती कुठे असते ते त्यांना माहीत होतं.

दहा मिनिटांनी दोन माणसं आली आणि भांडं घेऊन गेली. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्यानेच, एकेक पायरी जपून. बाई कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या. तोंडातून सवयीने निघून गेलं, "जपून." पुढचे दोन शब्द मात्र त्यांनी गिळले.

ओजसचं हृदय एका पांढऱ्या डब्यात मिळालं. साधारण मिठाईच्या डब्याएवढा, बंद केलेला, वर चिठ्ठी: नाव, वय आठ. स्वारगेटला कराड गाडी फलाटावर लागली होती, ती वेळेवर. कणशांनी खिडकीशेजारची जागा धरली, आणि त्या जागेवर डबा ठेवला, कारण ओजसला खिडकी लागायची. स्वतः अलीकडे बसले.

कंडक्टर आला. पोरगेला होता, कणशांना ओळखत नव्हता.

"एक ज्येष्ठ," कणसे म्हणाले, "आणि एक हाफ." आयुष्यभराच्या नोकरीत त्यांनी फुकटा कधी चालवून घेतला नव्हता.

"हाफ कुठाय?"

कणशांनी डब्याकडे पाहिलं. दहावी नापास, कमरेइतकं पाणी, जिना उतरून गेलेला मुलगा.

"थांबा. हाफ नाही, फुल द्या. तीस वर्षांचा आहे."

कंडक्टरने रिकाम्या जागेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या नोकरीला दोनच वर्षं झाली होती, पण एवढ्यात माणूस एसटीत बरंच शिकतो. त्याने निमूटपणे एक ज्येष्ठ आणि एक फुल फाडलं आणि पुढे गेला.

गाडी सुटली. कणसे शांत होते. केंद्रात शांत होते, सहीची जागा दाखवताना शांत होते, डबा घेताना पोच सहीसुद्धा नीट ओळीवर आली होती. इतके शांत, की त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली होती. गाडी शंकरशेट रस्त्याच्या चौकातून वळली, कात्रजच्या दिशेला लागली, आणि त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं. सुटून चार मिनिटं झाली होती. तेव्हा ते पोचलं. बावीस वर्षांचं एकदम. खांदे हलायला लागले, तोंडातून आवाज निघू लागला, आणि पुढच्या सीटवरचं मूल वळून बघायला लागलं.

पुढच्या थांब्यावर एक बाई चढल्या, दोन पिशव्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन. गाडी भरलेली होती. त्या कणशांपाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हातारा रडतोय हे त्यांनी पाहिलं, थोडा वेळ दुसरीकडे बघितलं, गाडी खड्ड्यात आदळली तशा पिशव्या सावरल्या, आणि मग खिडकीशेजारच्या जागेवरच्या डब्याकडे बोट केलं.

"बाबा, तेवढा डबा मांडीवर घेता का?"